प्रकाशाने कॅन्सर मरतो ही बातमी छापा, पण उंदराचा की माणसाचा तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत नॅनो औषधांवर बातमी होती. आपोआप जुळणारे बारीक कण शरीरात सोडायचे, गाठीवर प्रकाश टाकायचा, गाठ जागच्या जागी मरते आणि वर शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते, अशी. बातमी खोटी नाहीये हे आधीच सांगते. मी कराडजवळच्या एका गावात २२ वर्षं मेडिकल चालवते, औषधाची बातमी दिसली की मी वाचतेच, ही दोनदा वाचली आणि त्यात दोन गोष्टी शोधत राहिले, एक म्हणजे हा प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, आणि दुसरं हे औषध आज कुठल्या दवाखान्यात मिळतं का. दोन्ही नव्हतं. अशा दोन ओळी न छापल्याची किंमत आमच्या घरानं मोजलीय म्हणून हे पत्र लिहितेय, ते लांबणार आहे, जागा नसेल तर कुठेही कापा पण ह्या दोन ओळींची मागणी तेवढी ठेवा.

माझ्या धाकट्या दिरांना, आमच्या भाऊजींना, दोन वर्षांपूर्वी डाव्या गालात आतून जखम झाली. मावा खायचे, १५-१६ वर्षं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण मावा टपरीवर समोर चोळून मिळतो. आधी गालात पांढरा चट्टा, मग तिखट सहन होईना, मग तोंडात दोन बोटं पण जाईनात. मी काउंटरवरची तोंडाला लावायची जेल दिली, दोन ट्यूब संपल्या, आणि हे मला आजही टोचतं कारण तीन आठवड्यात न भरलेली तोंडातली जखम म्हणजे आधी डॉक्टर हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते आणि घरच्या माणसाला सांगायचं राहिलं. बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले लहान आहे, दीड सेंटिमीटरचा, हाडाला लागलेला नाही, लगेच काढू, जबडा वाचेल. तारीख पण दिली.

तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. त्यात एका पेपरचं कात्रण (तुमचा नाही), परदेशातल्या शास्त्रज्ञांनी प्रकाशकिरणांनी ट्यूमर नाहीसा केला, ऑपरेशन नको, किमो नको, आणि खाली एका शहरातल्या लाईट थेरपी सेंटरचा नंबर. ४१ वर्षांचा माणूस, दोन लहान पोरं, जबडा जाईल ह्या भीतीनं रात्र रात्र जागा, त्याला काप नाही टाका नाही असं कुणी सांगितलं तर तो तिकडंच जाणार ना. गेले. आठवड्यातून दोनदा, एका वेळचे साडेतीन हजार. मी एकदा सोबत गेले होते. खुर्चीत मागं रेलून बसवलं, गालावर बाहेरून लाल दिवा धरला, वीस मिनिटं. भाऊजींनी जमेल तेवढा आ केला होता आणि गालातून आत उतरलेला तो गुलाबी उजेड मला त्यांच्या दाढांवर दिसत होता, आणि मला खरंच वाटलं की पोचतोय की आत. तेव्हा मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, ह्यांना औषध कुठलं दिलं? इंजेक्शन नव्हतं, गोळी नव्हती, प्यायला काही नव्हतं. नुसता दिवा. औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला औषध कुठाय हे विचारायचं सुचलं नाही.

अडीच महिने गेले. जखम हाडात उतरली, मानेत गाठ आली. मग ऑपरेशन झालं ते डाव्या बाजूचा जबडा काढून, पायाचं हाड घेऊन तिथं बसवलं, त्यानंतर रेडिएशन. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून घर विकावं लागलं नाही. आज भाऊजी आहेत, कामावर जातात, ज्वारीच्या कण्या, पेज, ताकात कुस्करलेली भाकरी एवढंच खातात.

ह्यानंतर मी वाचायला बसले. माझी भाची पुण्यात एम.फार्म करते, ती पेपर पाठवायची आणि रात्री फोनवर समजावून सांगायची, आणि जसजसं वाचत गेले तसतसं वाईट वाटायच्या ऐवजी मला वेगळंच वाटायला लागलं, की अरे हे विज्ञान तर खरं आहे, सव्वाशे वर्षांचं आहे, आणि आपल्या माणसांपर्यंत ते फक्त खोट्या रूपात पोचलंय.

आपल्याकडे हळदीचा डाग सगळ्यांनी पाहिलाय. साबण लावला की लाल होतो, जात नाही, पण ओला कपडा उन्हात टाकला की दोन दिवसात फिका. रंग, प्रकाश आणि हवा एकत्र आले की रसायन घडतं. (म्हणून कुणी हळद खाऊन उन्हात बसू नये, हे लिहावं लागतं कारण बावचीचं तेल लावून कोड घालवायला उन्हात बसलेली आणि भाजून आलेली पोरं मी दुकानात पाहिलीत. बावचीत प्रकाशाने काम करणारं द्रव्य खरंच आहे, म्हणूनच ते मापानं आणि डॉक्टरांच्या हातून घ्यायचं.) १९०० च्या सुमारास जर्मनीत म्युनिकला ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला हेच दिसलं. तो फॉन टापाइनर ह्या प्राध्यापकांकडे पॅरामेशियम ह्या सूक्ष्मजीवावर अ‍ॅक्रिडिन रंगाचा परिणाम तपासत होता, रंग तेवढाच पण कधी जीव पटकन मरायचे कधी बराच वेळ जगायचे. फरक खोलीतल्या उजेडाचा होता. अंधारात रंग निरुपद्रवी, उजेडात विष.

आजची फोटोडायनॅमिक थेरपी ती हीच. आधी औषध द्यायचं जे एरवी गप्प बसतं, ते गाठीत साठू द्यायचं, मग त्या औषधाला चालेल अशा ठराविक रंगाचा प्रकाश गाठीवर टाकायचा, औषध ती ऊर्जा घेऊन शेजारच्या ऑक्सिजनला देतं, आणि तो चिडलेला ऑक्सिजन पेशी जाळतो. औषध, प्रकाश, ऑक्सिजन, तिघातलं एक नसेल तर काही घडत नाही. भाऊजींच्या गालात तिघातले दोनच होते. अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क हॉस्पिटलमध्ये थॉमस डॉहर्टी यांनी १९७८ मध्ये २५ पेशंटच्या ११३ गाठींवर ही पद्धत वापरलेली छापली, त्यातल्या १११ गाठी पूर्ण गेल्या किंवा लहान झाल्या. माणसांवर, उंदरावर नाही. त्यातून आलेल्या फोटोफ्रिन ह्या औषधाला १९९३ ला कॅनडात आणि १९९५ ला अमेरिकेत परवानगी मिळाली. म्हणजे शिरेतून औषध द्यायचं, ४०-५० तास थांबायचं, मग अन्ननलिकेत नळीतून लाल लेझर सोडायचा. हे ३० वर्षांपूर्वीचं आहे, पण त्या सेंटरला ते ४० तास थांबायचं प्रकरण माहीतच नव्हतं.

मग इतकी वर्षं झाली तरी हे सगळीकडे का नाही? तर औषधाच्या स्वभावामुळे. ही द्रव्यं पॉर्फिरिन जातीची, म्हणजे आपल्या रक्तातल्या हीम ह्या लाल द्रव्याची आणि पानातल्या हरितद्रव्याची भावंडं, आणि बहुतेकांना पाणी आवडत नाही. रक्तात सोडली की एकमेकांना चिकटून गोळे होतात, गोळा झाला की प्रकाश घेतात पण काम करत नाहीत. दुसरं म्हणजे ती कातडीत पण जाऊन बसतात. १९१२ मध्ये मायर-बेट्झ ह्या जर्मन डॉक्टरनं स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं आणि उन्हात गेला, तोंड सुजून ओळखू येईना आणि दोन महिने त्याला ऊन सोसलं नाही. फोटोफ्रिन घेतलेल्या पेशंटला आजही निदान ३० दिवस उन्हापासून जपायला सांगतात. शेतात राबणाऱ्या माणसाला महिनाभर ऊन टाळ म्हणणं सोपं नाही.

इथे तुमच्या बातमीतले आपोआप जुळणारे कण येतात, आणि हा भाग मला इतका आवडला की दुकानात आलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना पण मी तो ऐकवलाय. भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग असतो, त्यात साबणाचा थेंब टाकला आणि ढवळलं की तेल विरून जातं. साबणाच्या प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे ओढणारं आणि शेपूट पाण्यापासून पळणारं, म्हणून ते कुणी न सांगता गोल करून उभे राहतात, शेपट्या आत डोकी बाहेर, आणि तेल मधे पकडतात. दूध पण तसंच, त्यातलं केसीन असंच जुळून बारीक गोळे होतं, मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग एवढा गोळा, आणि त्यामुळे पण दूध पांढरं दिसतं. कुणी कारखान्यात ते गोळे वळत नाही. शास्त्रज्ञांनी औषधाचाच रेणू असा बनवला की एक टोक पाणी मागेल आणि एक पाणी टाळेल, मग पाण्यात टाकला की औषध स्वतःच स्वतःची पुडी बांधतं. वेगळं वेष्टण नाही, कॅप्सूल नाही. जो चिकटण्याचा दोष होता त्यालाच कामाला लावलं.

कॅनडात टोरोंटोला गँग झेंग यांच्या लॅबनं २०११ मध्ये अशा कणांना पॉर्फिझोम नाव दिलं. पॉर्फिरिनला चरबीचा रेणू जोडला, पाण्यात त्याचे आपोआप फुगे झाले, एका फुग्यात सुमारे ८० हजार पॉर्फिरिन. इतकी दाटी की पुडी बंद असेपर्यंत तो चिडका ऑक्सिजन जवळपास तयारच होत नाही, प्रकाश टाकला तर नुसती उष्णता निघते आणि त्या उष्णतेनं पण गाठ भाजता येते. पुडी सुटली की तेच रेणू मोकळे होऊन ऑक्सिजनचं काम सुरू करतात. म्हणजे बटण बंद आणि बटण चालू. आता जगभर ह्याच बटणावर काम चाललंय. गाठीतला भाग रक्तापेक्षा थोडा आंबट असतो, तिथली काही एन्झाइम्स वेगळी असतात, तर तिथे पोचल्यावरच पुडी सुटेल आणि कातडीत बंदच राहील असे रेणू रचतात. मी भाचीला म्हणलं म्हणजे दुधात लिंबू पिळल्यासारखं का, तर ती म्हणाली मामी अर्धं बरोबर, दुधात कण उलटे एकत्र येऊन नासतात, आपल्याला ते सुटे व्हायला पाहिजेत, पण आंबटपणानं रचना बदलते एवढं खरं.

प्रतिकारशक्तीचं काय, ते पण थोडक्यात सांगते कारण बातमीत एका वाक्यात उरकलं होतं. पेशी गपचूप मेली तर शरीराला पत्ता लागत नाही. पण प्रकाशाने जळणारी पेशी बऱ्याचदा बोंब मारून मरते, आतलं कॅल्रेटिक्युलिन नावाचं प्रोटीन अंगावर आणते, एटीपी हे आपलं इंधन बाहेर सांडते, आणि ते पाहून पहारेकरी पेशी येतात, तिचे तुकडे उचलतात आणि टी पेशींना म्हणजे शरीराच्या शिपायांना नेऊन दाखवतात की ह्या तोंडवळ्याचे शोधा. कॅन्सरची गाठ मात्र टी पेशींना थांबवणारे ब्रेक दाबून बसलेली असते. ते ब्रेक सोडवणारी औषधं ज्या शोधातून आली त्याला २०१८ चं नोबेल मिळालं, जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना. तर प्रकाशाने आरडाओरडा करवायचा आणि इंजेक्शनने ब्रेक सोडायचा अशी ही जोडी. शिकागो विद्यापीठात वेनबिन लिन यांच्या गटानं २०१६ मध्ये आपोआप जुळलेला एक कण छापला, आत ऑक्सॅलिप्लॅटिन म्हणजे किमोचं औषध, बाहेर पॉर्फिरिनसारखं कवच. आतड्याच्या कॅन्सरच्या दोन दोन गाठी, एकीवर प्रकाश टाकला, दुसरीवर नाही, सोबत ब्रेक सोडणारं औषध दिलं, आणि जिच्यावर प्रकाश पडलाच नाही ती गाठ पण आटली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मानेत गाठ गेलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य कसं ऐकू येतं हे मी सांगू शकत नाही.

पण ते उंदीर होते. मी पान उलटून परत परत बघितलं, उंदीरच होते. पॉर्फिझोमचे ते पहिले निकाल पण उंदरांतलेच. उंदराची गाठ कातडीखाली वाटाण्याएवढी, तिथे प्रकाश सहज पोचतो. माणसात लाल प्रकाश अर्धा ते फार तर एक सेंटिमीटर आत कामाचा राहतो, पुढे मिणमिणतो. मला दाढांवर जो गुलाबी उजेड दिसला होता तो डोळ्याला दिसण्यापुरता होता. गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन पण कमी असतो. आणि ह्या नॅनो कणांचं मोठं दुखणं असं की ते गाठीत आपोआप साठतात हे आपण सगळे सहज बोलतो, पण टोरोंटोच्याच वॉरेन चॅन यांच्या गटानं २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून मोजलं तर टोचलेल्या कणांतले मधल्या हिशोबाने ०.७ टक्केच गाठीत पोचतात असं निघालं. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकी बहुतेक लिव्हर आणि प्लीहेत. ही बातमी पण छापण्यासारखी होती, मला तरी कुठे दिसली नाही.

आता माणसात काय मिळतं. जपाननं सप्टेंबर २०२० मध्ये प्रकाशाचं एक औषध मंजूर केलं, अ‍ॅकॅलक्स, हिसाताका कोबायाशी यांच्या कामातून आलेलं. ते जुळणारा कण नाही, कॅन्सर पेशीला धरणाऱ्या अँटिबॉडीला रंग जोडलाय, आणि ते डोकं-मानेच्या कॅन्सरसाठीच आहे, ज्यात आपलं तोंड पण येतं. पण कुणाला देतात? ज्यांचं ऑपरेशन करता येत नाही किंवा कॅन्सर परत आलाय त्यांना. दीड सेंटिमीटरची काढता येणारी जखम असलेल्या माणसानं ऑपरेशन सोडून ह्याच्यामागे जावं असं ते औषध बनवणारे सुद्धा म्हणत नाहीत.

आणि अलीगढ. हे मला सगळ्यात जवळचं वाटलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी बोस्टनच्या तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्यासोबत तोंडाच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरवर प्रकाशाचा उपचार करून पाहिलाय. पेशंट ५-एएलए नावाचं औषध पितो, शरीर स्वतःच त्याचं पॉर्फिरिन बनवतं, आणि मग बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा तोंडाच्या आतून थेट जखमेवर धरतात, बाहेरून गालावर नाही. बॅटरीवर अशासाठी की लाईट जाते. महाग लेझरची गरज नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट सुमारे १ लाख ४० हजार आहेत. जी जागा बोटानं दाखवता येते, जिथं उजेड सरळ पोचतो, तो कॅन्सर सगळ्यात जास्त आपल्याकडे आणि त्यावर प्रकाशाचं संशोधन करायला जगात आपल्याइतकं कारण कुणाला आहे? आपल्याच राज्यात २०१५ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून चरबीच्या फुग्यांवर सोन्याचा मुलामा चढवून लेझरने गाठ भाजायचा प्रयोग छापलाय, तो पण उंदरावरचा, पण आपला. माणसांपर्यंत यायला ह्या कामाला पैसा लागतो, पेशंट लागतात, आणि पेशंट तेव्हाच येतील जेव्हा त्यांना खरी चाचणी आणि लाल दिव्याचं दुकान ह्यातला फरक कळेल.

आपले डॉक्टर काय करू शकतात त्याचं उदाहरण परळलाच आहे. वर जे ब्रेक सोडणारं औषध म्हणलं त्यातलं निव्होलुमॅब इतकं महाग की आपल्याकडचे फार थोडे पेशंट घेऊ शकतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या, बराच पुढच्या टप्प्याला गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर चाचणी घेतली, नेहमीचा डोस दोन आठवड्याला २४० मिलिग्रॅम असतो त्याऐवजी तीन आठवड्याला फक्त २० मिलिग्रॅम, सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर १६.३ टक्के जिवंत होते, हे छोटं इंजेक्शन घेतलेल्यांत ४३.४ टक्के. चकाकतं चित्र काढण्यासारखं ह्यात काही नाही, म्हणून बहुतेक ह्याची मोठी बातमी होत नसावी, पण माझ्या गावातल्या पेशंटच्या उपयोगाचं हेच आहे आणि हे पान एकवर आलं पाहिजे.

तर संपादक साहेब, मागणी परत लिहिते. अशी बातमी आली की पहिल्याच परिच्छेदात लिहा, उंदरात की माणसात, माणसात असेल तर किती जणांत, आणि आज हे आपल्याकडे मिळतं की नाही. नसेल मिळत तर तसं स्पष्ट लिहा, ठरलेलं ऑपरेशन ह्यासाठी पुढे ढकलू नका हे पण लिहा, चार शब्द जास्त गेले तरी चालेल. प्रकाश असा शब्द हेडिंगला देताना एक लक्षात घ्या की आमच्याकडे रेडिएशनला माणसं शेक म्हणतात, कुणी कुणी लाईट पण म्हणतात, "लाईट चालू आहे त्यांना" असं. परवाच एक आजी तुमची बातमी घेऊन आल्या आणि विचारत होत्या की आमच्या लेकाला लाईट दिलीय मग हीच का ती नवीन. त्यांना मी काउंटरवर बसवून समजावलं, पण प्रत्येक गावात कुणी समजावायला असेलच असं नाही. आणि पुरवणीत जे औषधाविना, डॉक्टरच्या रजिस्ट्रेशन नंबरविना लाईट थेरपीच्या जाहिराती येतात त्या घेऊ नका. लाल प्रकाशाचा एक खरा उपयोग कॅन्सरच्या पेशंटला होतो, रेडिएशनमुळे तोंड येतं ते कमी करायला मोठ्या हॉस्पिटलात कमी शक्तीचा लेझर देतात. त्यानं तोंड आलेलं बरं होतं, कॅन्सर नाही, आणि त्या दुकानांनी हीच गल्लत विकायला काढलीय.

माझ्या दुकानात मी आता एक करते. तोंडाला लावायची जेल कुणी दुसऱ्यांदा मागितली की मोबाईलचा टॉर्च लावून तोंड बघते, गालाच्या आत, जिभेखाली, दाढांच्या मागं. चार महिन्यात तीन जणांना पुढं पाठवलं, एकाचं लवकर सापडलं, ऑपरेशन झालं, जबडा शाबूत आहे.

हे पत्र मेल करायच्या आधी भाऊजींना वाचायला दिलं, त्यांच्याबद्दल लिहिलंय तर त्यांनी हो म्हणायला पाहिजे म्हणून. त्यांना बोललेलं नीट उमटत नाही, मोबाईलवर टाईप करून दाखवतात. पूर्ण वाचलं, बराच वेळ लागला, मग टाईप करून फोन माझ्यापुढे धरला. वहिनी, अडीच महिने नका लिहू. ७८ दिवस लिहा. मी मोजलेत.

आपली,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा